राक्षसाचं गाव कुठलं?

मी ज्यांचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव अन्वर मुजावर. परंड्याच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी मिळाल्यावर परंड्याजवळच्या आमच्या गावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भलामोठा हार. 'आपल्या यशाचं श्रेय कुणाला द्याल?' असं विचारल्यावर सत्कारमूर्तीने आईवडील आणि गुरुजन म्हणायचं असतं. मीही आईवडील म्हणालो आणि पुढे अन्वरभाईंचं नाव घेतलं. सरपंच माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुठला विषय शिकवायचे हे?" मी म्हणालो, "राक्षसांशी कसं बोलायचं, ते." सरपंचांनी माइक घाईने दुसऱ्याच्या हातात दिला.

मी चेष्टा करत नव्हतो. आज मी उमरग्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. तिथेही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

अन्वरभाई उंचीने बेताचे, अंगाने बारीक. शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकही चालायचं नाही. गिऱ्हाइकाला लिहायला पेन लागलं की ते तिन्ही एकेक करून काढत, कागदावर घासून बघत आणि म्हणत, "तुमच्याकडं न्हाय का?" लॅमिनेशनवर त्यांचा फार जीव. रेशन कार्ड, गुणपत्रिका, सोनोग्राफी, लग्नपत्रिका, समोर येईल त्याला 'लॅमिनेट करू का' हे विचारणारच. "कागद म्हंजे पाव्हणा," ते म्हणायचे, "आज हाय, उद्या न्हाय. लॅमिनेशन केलं की घरजावई." एकदा एका शेतकऱ्याने सातबारा लॅमिनेट करून नेला आणि त्यावर सही-शिक्का मारता येईना म्हणून परत आला. अन्वरभाईंनी कात्रीने प्लास्टिकला बरोबर शिक्क्याएवढी गोल खिडकी पाडून दिली.

एरवी हा माणूस अतिशय लाजाळू. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघून बोलायचा. फोनवर तर 'हां, हां, ठेवतो' यापलीकडे शब्द नाही. त्यांची आई, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणायचो, पडद्यामागच्या खोलीतून हे ऐकून म्हणायच्या, "बोल ना रे कुछ! पैसे लगते क्या?"

पण रविवारी दुपारी स्टँड शांत झाला की अन्वरभाई शटर अर्धं खाली ओढायचे, चार स्टुलं मांडायचे आणि खेळ सुरू व्हायचा. तेव्हाचे अन्वरभाई निराळे.

हा खेळ त्यांना कसा मिळाला, ते सांगितलं पाहिजे. कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघणारा एक तरुण एकदा दुकानात आला. त्याच्याकडे इंग्रजी पुस्तक होतं, एका खेळाच्या नियमांचं. त्यातलं एक प्रकरण त्याला झेरॉक्स हवं होतं. झेरॉक्स निघाली आणि तेवढ्यात गाडी लागली. तो पुस्तक घेऊन धावला, झेरॉक्स इथेच राहिली. गिऱ्हाइकाचा कागद फेकायचा नाही हा दुकानाचा नियम. अन्वरभाईंनी पानं वर्षभर सांभाळली. कुणी आलं नाही, तेव्हा डिक्शनरी घेऊन वाचायला बसले.

खेळ असा: चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगणारा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं. सांगणारा म्हणतो, तुम्ही जंगलातून चाललाय. बाकीच्यांनी सांगायचं, आम्ही काय करतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं बोलण्यातच. आणि अन्वरभाईंना मिळालेलं प्रकरण होतं वाटेत अवचित भेटणाऱ्या राक्षसांचं, भुतांचं आणि जनावरांचं. त्यात वीस जणांची यादी होती. फासा टाकायचा, जो आकडा येईल तो प्राणी समोर उभा. मग आणखी दोन फासे टाकायचे. बेरीज लहान आली तर तो अंगावर येणार, मोठी आली तर गोडीत बोलणार. याला आम्ही 'गाठ पडणं' म्हणायचो.

पुस्तकातलं बाकीचं काहीच अन्वरभाईंकडे नव्हतं. पानाच्या वर 'प्रकरण सहावं' असं छापलेलं. "आधीची पाच कुणाकडं तरी असतीलच," ते म्हणायचे, पण तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली जायचा. पाव्हण्यांसमोर फाटकी सतरंजी अंथरताना जातो, तसा.

पहिल्या पाच प्रकरणांत खेळाडूंनी योद्धा व्हायचं की जादूगार, ते ठरवायचं असतं. आम्हाला ते माहीत नसल्यामुळे जो जो आला तो तो आपापलाच राहिला. नाना शिंदे एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. ते खेळातही ड्रायव्हरच झाले, फक्त बैलगाडीचे. पिठाच्या गिरणीवाल्यांची वैशाली तेव्हा बारावीला होती. ती म्हणाली, "माझ्याकडं तलवार हाय." कुणी दिली विचारल्यावर म्हणाली, "माझी मी घेतली." माझं नाव दत्ता. मला काय व्हायचं ते सांगता येईना. माझ्याकडे वळून बघितलं तरी माझी मान खाली जायची. अन्वरभाईंनी मला थोडा वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "हा मागून चालणारा." पुढे दोन वर्षं मी टोळीत मागून चालणारा होतो आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

पुस्तकात वीस बाजूंचा फासा टाका असं होतं. अन्वरभाईंना ती छपाईतली चूक वाटली. "ईस बाजूंचा फासा कुठं असतोय का? तो थांबंल कुठं?" म्हणून त्यांनी हौजीच्या खेळातल्या एक ते वीस सोंगट्या अम्मींच्या सुपारीच्या डब्यात घातल्या. डबा हलवायचा आणि वैशालीने एक काढायची. यादीतल्या ज्या प्राण्यांचा अर्थ डिक्शनरीत सापडला नाही, तिथे अन्वरभाईंनी आपल्याला ज्याची भीती वाटते ते घातलं. त्यामुळे आमच्या यादीत राक्षस, लांडगे, हडळ, चिखलाचा माणूस यांच्याबरोबर पिसाळलेला रेडा, आग्या मोहोळ आणि डीजेवाली वरात होती. वरात सगळ्यांत वाईट. राक्षसाला मारता तरी येतं. वरातीच्या मागे अडकलं की दुपार गेली.

खेळाची सुरुवात दर रविवारी एकाच वाक्याने. डोळे मिटून अन्वरभाई म्हणायचे, "तुम्ही चाललाय. ऊन हाय."

कुठे चाललोय, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे माणूस निघालेला दिसला की 'कुठं?' विचारतात, पण आम्ही सगळेच निघालेले असल्यामुळे तो प्रश्न पडला नसावा.

पहिल्या रविवारी राक्षसाची सोंगटी निघाली. फाशांची बेरीज अगदी लहान आली. म्हणजे अंगावर येणार. अन्वरभाई उठले, चवड्यांवर उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि हा लाजाळू माणूस असा गरजला की बाहेर स्टँडवरची कुत्री उठली. वैशालीने तलवार काढली. नाना स्टुलावरून जरा पुढे सरकले आणि म्हणाले,

"थांब गं पोरी. पाव्हणं, कुठलं गाव?"

अन्वरभाईंचे हात वरच राहिले. त्यांनी खाली वाकून झेरॉक्सची पानं चाळली. त्यात याची काही सोय नव्हती.

"नाना, राक्षस हाय तो."

"ते दिसतंय मला. गाव असंल ना त्याला? का आभाळातनं पडला?"

अन्वरभाईंनी पुष्कळ विचार केला आणि राक्षसाच्या आवाजात म्हणाले, "जवळा."

"कुठलं जवळा? जवळे लई हायती."

"...भूमकडचं."

"मंग आधी सांगायचं न्हाय का! माझ्या मेव्हण्याची सोयरीक तिथलीच. तुम्ही कुणापैकी?"

एकदा एवढं झाल्यावर अन्वरभाईंचा नाइलाज झाला. राक्षसाला भावकी आली, भावकीत भांडण आलं, भांडणात बांध आला. हळूहळू हात खाली आले, राक्षस स्टुलावर बसला. तो मुळात अंगावर का आला, तर सकाळपासून तीन टोळ्यांनी त्याला काही न विचारता बाण मारले होते. संध्याकाळी अम्मींनी चहा आणला तेव्हा राक्षसाची मावशी नानांच्या मेव्हण्याची चुलत विहीण निघाली होती आणि वैशाली तलवार मांडीवर ठेवून रुसून बसली होती.

"हे काय खेळणं झालं? एकबी माणूस मेला न्हाय."

"पुढल्या रविवारी," अन्वरभाई म्हणाले.

पण पुढल्या रविवारीही कुणी मेलं नाही, कारण अन्वरभाई तयारी करून आले होते. आठवडाभर गिऱ्हाईक नसताना त्यांनी यादीतल्या प्रत्येकाला गाव दिलं, घर दिलं आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे काम दिलं. लांडगे पाण्याला चाललेत. हडळ लेकीच्या बाळंतपणाला चाललीये. आग्या मोहोळ जुनं झाड तोडल्यामुळे नवं झाड शोधतंय. "एक ध्यानात ठेवा," ते आम्हाला म्हणाले. "वाटंत जो भेटतोय तो तुमच्यासाठी आलेला न्हाय. त्याचं त्याचं काम हाय. तुम्ही मधी आलाव." मी ते तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा उपयोग पुढे किती होणार आहे, याची कल्पना नव्हती.

सांगाड्यांची गाठ पडली तो रविवार मी विसरू शकत नाही. सहा सांगाडे हातात भाले घेऊन आडवे आले. वैशालीला फार आनंद झाला. सांगाड्यांना गाव असलं तरी भावकी उरलेली नसणार, असा तिचा हिशेब. ती तलवार घेऊन पुढे झाली तर सांगाड्यांचा म्होरक्या, म्हणजे अन्वरभाई, खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, इथं सही करता का?"

"कसली सही?"

"हयातीचा दाखला पायजे. सगळ्या हापिसांत हिंडलो. साहेब म्हणत्यात, समोर उभे हाव हे दिसतंय, पण जिवंत हाव हे कशावरनं?"

नाना स्टुलावरून उठलेच. निवृत्तीवेतनासाठी दर वर्षी त्यांना स्वतःला हा दाखला द्यावा लागायचा. "अरं, मलाबी हेच विचारलं! मी म्हणलं, साहेब, मेलो असतो तर पायरी चढून आलो असतो का? तर म्हणला, दोन साक्षीदार आणा." मग नाना आणि सांगाडे यांचं जे जमलं, ते आम्हाला तोडता येईना. कुठल्या खिडकीला जायचं, कुठल्या साहेबाचा मूड दुपारनंतर बरा असतो, सगळं नानांनी सांगितलं. शेवटी सहाही सांगाडे बैलगाडीत बसले. साक्षीदार म्हणून वैशाली आणि मी. वैशाली म्हणाली, "मी तलवार विकून टाकते आता."

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक बाई वाकून आत आल्या. हातात आधार कार्ड. अन्वरभाई अजून सांगाड्यातून बाहेर आले नव्हते. त्याच खोल, कबरीतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "दोन्ही बाजूऽऽ... का एकच?"

बाईंनी दचकून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "दोन्ही," त्या म्हणाल्या. "कलर नको."

अन्वरभाईंनी झेरॉक्स काढली, बाईंच्या तोंडाकडे सरळ बघत सुटे परत दिले आणि म्हणाले, "लॅमिनेट करूऽऽ?" पडद्यामागून अम्मी हसायला लागल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मी मात्र एवढंच टिपलं की अन्वरभाईंनी आज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं.

असं पुष्कळ दिवस चाललं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत नानांचा नातू ओंकार पुण्याहून आला. गुणी मुलगा, बोलायला गोड. नाना त्याला कौतुकाने घेऊन आले, कारण तो म्हणे कॉलेजात हाच खेळ खेळायचा. अन्वरभाईंनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चौघांच्या जागी पाच स्टुलं मांडली होती आणि अम्मींनी खारी मागवली होती.

ओंकारने मखमलीच्या पिशवीतून फासे काढले. त्यातला एक खरोखर वीस बाजूंचा होता. अन्वरभाईंनी तो हातात घेऊन उन्हाकडे धरला. "म्हंजे छपाईची चूक नव्हती," ते हळूच म्हणाले आणि फासा टाकला. तो थांबला. त्यांना फार आनंद झाला.

खेळ सुरू झाला. ऊन होतं, आम्ही चाललो होतो, चिखलाचा माणूस भेटला. ओंकार बराच वेळ मजेत होता. मग त्याने विचारलं, "काका, हे भारीच आहे. पण मुख्य मोहीम कुठली?"

"म्हंजे?"

"म्हणजे कशासाठी निघालोय आपण? खजिना आणायचाय, राजाला सोडवायचंय, असं काहीतरी."

"निघालोय की," नाना म्हणाले.

"पण आजोबा, कुठं?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं, मी खारीकडे.

"असं ना काका, की हे वाटेत भेटणारे असतात ना, तो फक्त मधला भाग असतो," ओंकार समजावत म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "मुख्य गोष्टीत जरा गंमत म्हणून. आम्ही तर बऱ्याचदा ते उडवूनच टाकतो. वेळ जातो."

"उडवता?" अन्वरभाई म्हणाले.

"हो. सरळ पुढे."

अन्वरभाई बसले. चिखलाचा माणूस त्यांच्या अंगातून निघून गेला, तो मला जाताना दिसला. "मधला भाग," ते म्हणाले. मग सोंगट्या डब्यात भरता भरता पुन्हा म्हणाले, "मधला भाग हाय." ओंकार घाबरून म्हणाला, "नाही, पण तुमचं छान आहे." त्याने जखम वाढली.

ओंकार गेल्यावर अन्वरभाई स्टँडकडे बघत राहिले. "नाना," ते म्हणाले, "म्हंजे आपण दोन वर्षं नुसतं स्टँडवरच फिरलो. गाडीत बसलोच न्हाय."

"अरं, मी जन्मभर गाडीत बसलो," नाना म्हणाले. "कुठं पोचलो? संध्याकाळी परत स्टँडवरच."

आम्ही हसलो. अन्वरभाई हसले नाहीत. पुढच्या रविवारी शटर पूर्ण वर होतं आणि ते झेरॉक्स काढत होते.

आम्ही उपाय करून बघितले. नाना दर रविवारी ठरल्या वेळी येऊन स्टुलावर बसायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आज ऊन लई हाय बुवा." अन्वरभाई पंखा सुरू करायचे. वैशालीने एकदा दुकानात शिरून सरळ गर्जनाच केली. ते म्हणाले, "किती कॉप्या?" अम्मींनी मला आत बोलावून विचारलं, "बेटा, वो भूतां कब आते? घर में कैसा तो बी लगरा." अन्वरभाई पुन्हा कागदाकडे बघून बोलायला लागले होते. कुणी लॅमिनेशन मागितलं तर करायचे, पण स्वतःहून विचारायचे नाहीत.

मी एकदा धीर करून म्हणालो, "अन्वरभाई, आपण आपल्यापुरतं खेळू की."

"चुकीचं खेळलेलं आपल्यापुरतंबी चुकीचंच असतंय दत्ता," ते म्हणाले. "लोकांना बोलवून बोलवून बसवलं म्या. अम्मीचा डबा घेतला. अन् पाच प्रकरणं नसताना मास्तर झालो."

त्याच वर्षी मला पुण्याला बीएस्सीला प्रवेश मिळाला. स्टँडवर सोडायला नाना आले, वैशाली आली. अन्वरभाई दुकानातूनच हात हलवत होते. गाडी सुटताना ते पळत आले आणि खिडकीतून माझ्या सगळ्या कागदपत्रांच्या प्रती आत टाकल्या. प्रत्येकीच्या दहा-दहा. "लागत्यात," म्हणाले. खेळाचं एक अक्षर काढलं नाही.

पुण्याहून मी त्यांना फोन केला की 'हां, हां, ठेवतो'. म्हणून महिन्या-दीड महिन्याने पत्र लिहिलं. ते खाली देतो. त्यानंतर मला आणखी काही लिहायचं नाही, म्हणून पुढे काय झालं ते आधीच सांगतो.

पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी नानांचा फोन आला. ते फोनवर ओरडून बोलतात, अजूनही गाडी चालू असल्यासारखे. "अरं दत्ता! काय लिवलंस काय तू? अन्वरनं सकाळी वाचलं. गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्याच टीसीची झेरॉक्स दिली. अन् तीन वाजता शटर अर्धं ओढलं, डोळं मिटलं अन् म्हणला, तुम्ही चाललाय!"

"मग?"

"मग काय, हडळ आली. बाळंतपण झालं लेकीचं. मुलगी झाली. ठेवतो, बारशाचं ठरवायलोय."

गेल्या उन्हाळ्यात उमरग्याहून परंड्याला गेलो होतो. परतीची गाडी धरायची घाई होती, रविवार होता, वेळ खेळाची होती. आत जाऊन बसलो असतो तर उठवलं नसतं, म्हणून गेलो नाही. गाडीच्या खिडकीतून समोर दुकान दिसत होतं. शटर अर्धं खाली, त्यामुळे नुसते पाय दिसत होते. नानांच्या करकरीत चपला. वैशालीचे सँडल. ती आता परंड्यातल्याच शाळेत शिकवते. आणखी तीन जोड मी कधी न पाहिलेले. त्यातला एक कंडक्टरच्या खाकी पँटीतला, ज्याची गाडी बहुतेक त्याच्यावाचून सुटणार होती. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध दोन बारीक पाय, चवड्यांवर उंच उभे. म्हणजे कुणीतरी मोठं आलं होतं.

ते पत्र असं:

आदरणीय अन्वरभाई,

तुम्हाला नमस्कार आणि अम्मींना सलाम.

मी इथे बरा आहे. मेसची भाजी गोड असते, पण सवय होईल.

वसतिगृहात तो खेळ खेळणारी एक टोळी आहे. त्यांच्याकडे पूर्ण पुस्तक आहे. मी ते मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ओंकार म्हणाला ते खरं आहे. आधीच्या पाच प्रकरणांत राजे आहेत, नकाशे आहेत, मोहिमा आहेत आणि वाटेतल्या गाठीभेटी हा मधला भागच आहे.

मी त्यांच्यात चार रविवार बसलो. एक मुकुट आणायचा होता. वाटेत लांडगे भेटले, ते मारले. दोन पहारेकरी भेटले, ते मारले. एक म्हातारी भेटली, ती कोण होती ते कळायच्या आत मारली. मुकुट मिळाला. चांगला होता. गेल्या रविवारी मी विचारलं, तो आता कुणाकडे आहे, तर कुणालाच आठवेना.

पहिल्या आठवड्यात इथल्या ऑफिसच्या खिडकीवर एक क्लार्क होते. सगळ्या पोरांवर ओरडत होते. माझ्या पुढचे दोघे रडवेले होऊन परत गेले. मी पण मागे फिरणार होतो. मग म्हटलं, हे माझ्यासाठी आलेले नाहीत, यांचं यांचं काहीतरी काम असणार. बघितलं तर टेबलावर डबा होता, न उघडलेला, आणि दुपार कलली होती. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही जेवून घ्या, मी थांबतो." मग त्यांनी मला आत बोलावून बसायला खुर्ची दिली. त्यांचं गाव कळंबजवळ आहे. खोली त्यांनीच मिळवून दिली.

इथे आल्यापासून मी अनोळखी माणसांशी इतकं बोललो की घरी खरं वाटणार नाही. पदवी हे मुख्य काम आहे हे मी विसरलेलो नाही, ते करीनच. पण ते अजून पुष्कळ लांब आहे. तोवर रोज जे होतंय ते सगळं मधलंच आहे आणि तेवढंच मला येतं, कारण तेवढंच तुम्ही शिकवलंत.

तुम्ही म्हणालात, आपण स्टँडवरच फिरलो, गाडीत बसलोच नाही. त्यावर एक सांगायचं राहून गेलं. मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो तो झेरॉक्ससाठी नव्हे. अकरावी सोडून मी कुर्डुवाडीला मामांच्या हॉटेलात कामाला लागायला निघालो होतो. पिशवीत कपडे होते. गाडी चुकली. बाहेर ऊन होतं आणि तुमचं शटर अर्धं उघडं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत, चौथं स्टूल पुढे केलंत.

दुसरी गाडी दोन तासांनी लागली. मी तिचा भोंगा ऐकला. कंडक्टर कुर्डुवाडी, कुर्डुवाडी ओरडत होता, तेही ऐकलं. पण राक्षस आपल्या मावशीबद्दल सांगत होता, मध्येच कसं उठणार?

तुमचा,
दत्ता